भावकाईला सोडलेली मशेरी

"ओढता का?"

त्या वर्षात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की पुढे पुढे समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मी "नाही" म्हणून मोकळी व्हायचे. छातीचा फोटो काढणारा, रक्त घेणारी, केसपेपर करणारी, सगळ्यांना तेवढंच पाहिजे. उजव्या फुफ्फुसात कॅन्सर म्हटल्यावर बाईनं कधीतरी झुरके मारलेच असणार, हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. त्यातून मी एसटीत कंडक्टर. पुरुषांत उठबस, आवाज दणकट, कुणाचं ऐकून घेत नाही. माझ्या चुलत जावेनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा ताई, आपल्यात कसली लाज?"

"ओढते की," मी म्हटलं. "घंटीची दोरी. दोनदा ओढली की गाडी सुटते."

त्यानंतर तिनं फोन केला नाही. जाऊ दे, माझंही काही अडलं नाही.

माझं स्वतःचं मत पक्कं होतं. दोष डिझेलचा. मी नोकरीला लागले तेव्हा गाड्या डिझेलवर होत्या. सकाळी डेपोत ओळीनं सुरू करून ठेवायच्या आणि त्या धुरात उभं राहून आम्ही चहा प्यायचो. आता सगळ्या बॅटरीवर चालतात, भूत आल्यासारख्या आवाज न करता शेजारी येऊन उभ्या राहतात. पण माझ्या छातीत गेलं ते गेलंच, असं मी ठामपणे सांगत फिरायचे. डेपोला शिव्या घालायला बरं पडतं. डेपोला आईबाप नसतात, वाईट वाटत नाही.

कोल्हापूरच्या ज्या मोठ्या इस्पितळात मला नेलं, तिथल्या डॉ. मुतालिक या वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मात्र तो प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "भारतीताई, कुठकुठल्या धुरात आयुष्य गेलं?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"पूर्वी आम्हीही ओढता का एवढंच विचारायचो," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं की चौकशी संपली. आज माझ्या वॉर्डात कधीच न ओढलेले लोक निम्म्याहून जास्त आहेत, आणि त्यात बायका जास्त. कुणाच्या छातीत चुलीचा धूर, कुणाच्या फोडणीची वाफ, कुणाच्या नवऱ्याच्या बिड्या, कुणाच्या शहराची हवा. काहींच्या छातीत काहीच सापडत नाही, तेही मी खरं सांगते."

आणि मग त्यांनी मला ते यंत्र दाखवलं. कागदोपत्री त्याचं नाव धूरवाचक. वॉर्डातले सगळे त्याला नाक म्हणायचे.

मला समजलं तेवढं सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेला मजकूर असतो, कोट्यवधी अक्षरांचा. धूर आत गेला की त्यातली अक्षरं बदलतात, आणि प्रत्येक धुराची चुका करायची खोड निराळी असते. सिगारेटची एक, डिझेलची दुसरी, तापलेल्या तेलाची तिसरी. त्यामुळे गाठीतल्या चुका वाचल्या की कुणाच्या हातच्या आहेत ते कळतं. शिवाय फुफ्फुसाच्या मुळाशी छोट्या छोट्या ग्रंथी असतात. शरीराला जी काजळी बाहेर टाकता येत नाही ती तिथं जाऊन बसते, जन्मभर. मूल वाढतं तशी ग्रंथी वाढते आणि जुने कण आत दबत जातात. नाक त्या ग्रंथीचा मोहरीएवढा तुकडा घेतं, एकेक कण तापवून बघतं आणि सांगतं, काय जळलं होतं, कशावर जळलं होतं, आणि तेव्हा हे माणूस साधारण केवढं होतं.

"पण यंत्राला घर माहीत नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "जळलेलं लाकूड त्याला कळतं. ते चुलीतलं की बंबातलं, हे तुम्हीच सांगायचं. म्हणून आम्ही त्या धुराच्या वासाची प्रत बनवतो. विष काढून घेतलेलं, ओळखण्यापुरतं रूप ठेवलेलं. तुम्ही हुंगायचं आणि आठवेल ते बोलायचं."

मी म्हटलं, आणा. मुखवट्यासारखं काहीतरी तोंडावर बसवलं, आणि पहिलाच वास आला तो डेपोचा. मी जवळजवळ ओरडलेच, "हेच! हेच डिझेल! सांगत नव्हते मी?" डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, आहे, पण थोडंच आहे, गाठीतल्या चुका याच्या नाहीत. दुसरा चुलीचा, ओलसर बाभळीचा. तोही थोडाच. मग त्या म्हणाल्या,

"तिसरा आम्हाला ओळखता येत नाहीय. तंबाखूचं पान आहे. पण कागद नाही, बिडीचं पान नाही. लोखंडावर जळलंय. तुमच्या अगदी तान्हेपणापासून दहाव्या वर्षापर्यंत, आणि मग एकदम बंद. गाठीतल्या बहुतेक चुका याच्या आहेत."

"तंबाखू?" मला रागच आला. "आमच्या घरात कुणी विडीला शिवलेलं नाही. आजोबा माळकरी होते."

"वास बघा तर खरं."

वास आला.

काय सांगू? मी बावन्न वर्षांची बाई, खुर्चीत बसलेली, आणि क्षणात माझे पाय जमिनीला पुरेनात. दुपार. स्वयंपाकघराचं दार लावलेलं, खिडकी लावलेली. आजोबांना वास चालायचा नाही आणि गल्लीत कळलेलं आईला चालायचं नाही, म्हणून दोन्ही बंद. चुलीवर जुना तवा, तव्यावर तंबाखू, आई उलथन्याच्या टोकानं हलवतेय आणि मी तिच्या मांडीवर. डोळे चुरचुरतायत. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचा आवाज माझ्या कानाशी. घरातली सगळी माणसं बाहेर आणि आई माझ्या एकटीची. इतकं बरं वाटलं मला, इतकं बरं वाटलं, की मुखवटा काढूच नये.

डॉक्टरांनी तो काढला. माझे गाल ओले झाले होते.

"ओळखलंत?"

"नाही," मी म्हटलं. "धुरानं पाणी आलं डोळ्यांत."

त्या वासात धूर नव्हताच, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तेव्हापासून तो वास माझ्या मागे लागला. भर दुपारी, घरात काही शिजत नसताना यायचा. आमच्या ह्यांना विचारलं, तुम्हाला येतोय का? ते म्हणाले, कसला? मी खिडक्या उघडल्या, फरशी फिनाईलनं पुसली. तरी बरोबर जेवणं झाली की यायचा आणि तासभर माझ्यापाशी बसून जायचा.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी उपचाराचं सांगितलं. औषधांना माझी गाठ दाद देत नव्हती. आता एकच वाट होती, आणि ती याच वर्षी आपल्याकडे सुरू झाली होती. ज्या माणसानं तोच धूर माझ्याइतकाच घेतला आणि तरी ते धडधाकट राहिलं, त्याच्या अंगात काही पहारेकरी पेशी असतात. त्या धुरानं बिघडवलेली पेशी दिसली की तिला जागीच संपवायचं, हे त्या शिकलेल्या असतात. अशा पेशी घ्यायच्या, वाढवायच्या, मला द्यायच्या. रक्ताचं नातं असलं तर उत्तम.

"म्हणून तो धूर कुठला होता हे कळायलाच हवं," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत आणखी कोण होतं, ते कळायला हवं. भारतीताई, मागच्या वेळी तुम्ही ओळखला होतात ना?"

आता लपवून काय करणार? "मशेरी," मी म्हटलं.

"म्हणजे ती दाताला लावतात ती?"

"लावतात ती. पण लावायच्या आधी भाजतात."

डॉक्टर मुतालिकांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही बायकांना विचारतो, तंबाखू ओढता का, खाता का. लावता का असं कुणी विचारतच नाही. आणि भाजता का, हे तर मला सुचलंच नसतं."

खरंच आहे. आमच्याकडे मशेरीला कुणी तंबाखू म्हणतच नाही. ती दात घासायची वस्तू. व्यसन म्हणजे पुरुषांचं, मशेरी म्हणजे बायकांची दुपार.

त्या खोलीत माझ्याबरोबर एकच माणूस होतं. धाकटा भाऊ झाला तोवर बाजारात तयार मशेरीच्या पुड्या मिळायला लागल्या आणि आईनं भाजणं बंद केलं. म्हणजे भाऊ उपयोगाचा नाही. आईच पाहिजे. पंच्याहत्तरी उलटलेली, पण काठी न घेता विहिरीपर्यंत जाणारी, खोकला माहीत नसलेली माझी आई.

"त्यांना काय करावं लागेल?"

"त्या पेशी फुफ्फुसात झोपलेल्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना जागं करायला आईंनी काही दिवस रोज थोडा वेळ तो वास घ्यायचा. पेशी रक्तात उतरल्या की रक्त घ्यायचं. त्रास काही नाही."

त्रास काही नाही म्हणे! तो वास आईच्या नाकाशी धरल्यावर तिला कळणार नाही होय? आणि मग ती विचारणार, माझ्या लेकीच्या आजाराचा आणि मशेरीचा काय संबंध? मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं, तिला अर्धंच सांगायचं. रक्त द्यायचंय आणि त्याआधी एक औषधी वास घ्यायचाय, मशेरीसारखा येतो जरा. बास.

आई गडहिंग्लजच्या पुढं आमच्या गावी राहते, भावाकडे. भाऊ-भावजय दिवसभर कामाला. मी गेले तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं पदरानंच माझं तोंड पुसलं.

"लई वाळलीस गं."

मी ठरवलेलं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मान डोलवत होती. रक्त म्हटल्यावर म्हणाली, "सगळं घ्या की. मला काय करायचंय त्याचं?" मग मी वासाचं सांगितलं.

तिचे हात थांबले. "मशेरीचा?"

"तसा. खरी मशेरी नाही."

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "म्या सोडली मशेरी."

मला हसूच आलं. आईनं मशेरी सोडली? मामाच्या लग्नात डबी घरी राहिली म्हणून या बाईनं वऱ्हाडाची गाडी अर्ध्या वाटेवरनं परत फिरवली होती. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मयताला आलेल्या बायकांत कोपऱ्यात बसून तिनं हिरड्यांना बोट लावलेलं मी पाहिलंय.

"कधी सोडलीस?"

"तुजं कळलं त्याच दिशी. भावकाईला सोडली. म्हटलं, माझी सगळ्यात आवडीची वस्तू तुला दिली, माझी लेक मला दे. डबी देवळामागच्या वढ्यात टाकून आले." ती सहज सांगत होती, शेंगा फोडत. "पहिलं आठ दिस डोकं फुटायची पाळी आली. झोप न्हाई, जेवान न्हाई. पर शिवले न्हाई. आता वास घेतला तर देवी काय म्हनंल? दिलेलं परत घेतलं म्हनंल. आनि तुला काय झालं म्हंजे?"

जगात सोडायला हजार वस्तू होत्या. गोड होतं, चहा होता. पण तिनं जीव टाकून, डोकं फुटेपर्यंत सोसून, नेमकी तीच वस्तू सोडली होती. आणि आता त्या सोडण्यामुळेच हटून बसली होती.

"आई, वास घेतला म्हणजे लावली असं होत नाही."

"देवीला शिकवू नगो."

दोन दिवस घातले मी. चिडले, रडले, पाया पडले. भावानं सांगून बघितलं. शेवटी तीच म्हणाली, "चल, कौल लावू. देवी हो म्हनाली तर येते."

आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी गुरवाला आधी गाठून सगळं सांगितलं. भला माणूस होता. म्हणाला, "ताई, डावं फूल घट्ट बसवतो, काळजी करू नका." आम्ही बसलो. आई हात जोडून, डोळे मिटून, ओठ हलवत. मी डोळे उघडे ठेवून. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल थोडं सरकलं, माझा जीव वरखाली झाला. आणि मग ते घट्ट बसवलेलं डावं फूल टपकन खाली पडलं.

गुरवाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आईनं जमिनीला डोकं टेकलं आणि म्हणाली, "बघ. सांगत हुते."

मी परत आले. आमचे हे, रणजित त्यांचं नाव, दूध संघात आहेत, मोजकं बोलतात. जेवणावर म्हणाले, "खरं काय ते सांग आईला. आजार मशेरीच्याच धुराचा आहे म्हटलं की नवस राहतोय कुठं?"

"आणि तिला काय वाटेल?"

"वाईट वाटेल."

"वाईट? अहो, ती मरेल."

"नाही सांगितलंस तर तू मरशील," ते म्हणाले आणि ताट घेऊन उठले. मोरीत भांडं पडल्याचा आवाज आला. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी जाऊन बघितलं, तर नळ चालू ठेवून रडत उभे होते.

त्याच आठवड्यात मला जिना चढवेना. दोन पायऱ्या झाल्या की कठडा धरायचा. आयुष्यभर घाटातल्या चालत्या गाडीत, एका हातानं दांडी धरून तिकिटं फाडली मी, आणि आता माझा श्वास मला आठ-दहा शब्दांवर पुरत नव्हता. मला जगायचं होतं. हे उघड सांगते. आईचा कितीही कळवळा आला तरी मला जगायचं होतं.

मी पुन्हा गावी गेले. ह्यांना गाडीतच बसा म्हटलं. आई चुलीपुढं होती. गॅस आहे, वीज आहे, पण भाकरी तिला चुलीवरच लागते. मी दारातच बसले.

"आई, मला जे झालंय ते मशेरीनं झालंय."

"काय बी बोलतीस. तू कधी लावलीस?"

"मी नाही लावली."

"मग? लावली म्या. माझ्या दाताला लावली. तुज्या छातीत कशी गेली?"

"लावलेली नव्हे आई. भाजलेली."

ती भाकरी थापत होती. हात चालूच राहिले. भाकरी केवढी तरी मोठी झाली, कडेनं फाटली, तरी थापतच राहिली.

"म्या पन तितंच बसायची," ती हळू आवाजात म्हणाली. "म्याच भाजायची. मला काय न्हाई झालं."

"म्हणून तर तुझ्याच पेशी पाहिजेत."

मी तिला सगळं सांगितलं, नाकाचं, वासाचं, ग्रंथीत बसलेल्या काजळीचं. पूर्ण वाक्य होत नव्हतं, दम लागत होता, थांबून थांबून सांगितलं. हेही सांगितलं की त्या काळात कुणालाच ठाऊक नव्हतं. घराघरांत भाजायच्या. तुझा दोष नाही. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. चुलीतलं लाकूड तिनं बाहेर ओढलं आणि पाणी टाकून विझवलं. फस्सकन धूर झाला तशी दचकून उठली आणि मला दंडाला धरून अंगणात ओढत नेलं. तिच्या हाताला केवढी ताकद आली होती.

अंगणात आल्यावर ती बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच.

"रडायचीस तू. डोळं चोळायचीस. बाहेर सोडा म्हनायचीस. म्या म्हनायची, बस गं जरा, धुरानं डोळं निवळत्यात. खिडकी म्याच लावायची. दाराखालच्या फटीत फडकं कोंबायची, सासऱ्याला वास जाऊ नये म्हनून. तू बारकी हुतीस तवा पदराखाली घिऊन बसायची."

"आई, पुरे."

"आनि देवीला काय दिलं म्या?" तिनं माझ्याकडे बघितलं. तसं तिचं तोंड मी कधीही बघितलेलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. "माज्या लेकीला जे खाल्लं, तेच देवीम्होरं ठिवलं. तिनं घ्यावं तरी कसं?"

मग तिनं आत जाऊन लुगडं बदललं आणि ह्यांच्या गाडीत जाऊन बसली.

इस्पितळात तिला मुखवटा बसवला तेव्हा मी काचेच्या पलीकडे उभी होते. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, तिनं सगळ्याला मान हलवली. बटण दाबलं. आईनं पहिला श्वास घेतला.

मला वाटलं होतं ती रडेल, मुखवटा ओढून फेकेल. तसं काही झालं नाही. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. खांदे सैल पडले. डोळे अर्धे मिटले आणि ओठांच्या कोपऱ्यात, कशी सांगू, सुख दिसायला लागलं. महिनोन् महिने तहानलेल्या माणसाला पाणी मिळावं तसं ती तो वास ओढत होती. खोल. आणखी खोल. एक हात आपोआप तोंडाकडे गेला, मधलं बोट पुढं करून, हिरडीला लावायला.

तिथं मुखवटा होता. बोट त्याच्यावर आपटलं आणि ती भानावर आली. तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं. मी पाहिलंय हे तिला कळलं.

तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि उरलेला सगळा वेळ तशीच बसून राहिली. रोज यायची, मुखवटा लावायची, भिंतीकडे तोंड करायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आई, मलाही तो वास बरा वाटला गं. मलाही आवडला." तिनं कानांवर हात ठेवले.

पेशी मिळाल्या. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या जोरकस पेशी त्यांनी अजून पाहिल्या नव्हत्या. महिनाभर त्या बाटल्यांत वाढवल्या आणि मग एका दुपारी नळीतून माझ्या अंगात सोडल्या. ताप आला, हाडं ठणकली, मी दोन दिवस बरळत होते म्हणे. त्यानंतर गाठ वितळायला लागली. पुढच्या फोटोत निम्मी, त्याच्या पुढच्या फोटोत नखाएवढी, मग नुसता वण. डॉक्टर मुतालिकांनी पडद्यावर मला माझी फुफ्फुसं दाखवली आणि मिठी मारली. आता त्यांच्या वॉर्डात प्रत्येक बाईला विचारतात, घरात काय भाजायचे, आणि तेव्हा तुम्ही कुणाच्या मांडीवर असायचात. बायका आधी हसतात आणि मग हसायच्या थांबतात.

दुपारचा वास गेला नाही. डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, नाकाला काही झालेलं नाही, मनाचा खेळ असेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, आईच्या पेशी तुझ्या अंगात फिरतायत, त्यांना सवय आहे. असेल. मी आता खिडक्या उघडत नाही. तो आला की गप्प बसून राहते.

आईला मी आमच्याकडे ये म्हटलं. नको म्हणाली. फोनवर बोलते, पण थोडकं. म्हणून बरी झाल्यावर मीच गावी गेले, एकटी, एसटीनं, तिकीट काढून. धडाधडा चढ चढून गेले घरापर्यंत, दम लागला नाही. म्हटलं, आईला दाखवायचं.

ओट्यावर होती. मला बघून उभी राहिली, चार पावलं पुढं आली आणि थांबली. पदर तोंडावर घेतला.

"बरी हाईस?"

"बघ की. ठणठणीत."

"बरं झालं. बरं झालं बाई." आणि मागे सरकली.

भावजयीनं चहा आणला तेव्हा हळूच सांगितलं, आई हल्ली कुणाच्याच जवळ बसत नाहीत. नुकत्याच झालेल्या नातवालाही हातात घेत नाहीत. तो रडला तरी दारातनंच हाक मारतात. चूल मोडून टाकली. मी ऐकलं आणि मला रागच आला. हे काय खूळ? माझ्या छातीत तिच्याच पेशी पहारा देतायत, आणि ही माझ्यापासून लांब पळते?

मी उठले आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. मुद्दाम, खेटून. तिनं मान फिरवली. मी तिचा खांदा धरला आणि गालाला गाल लावला, लहान असताना लावायचे तसा. ती हलली नाही, ढकललं नाही. मला वाटलं, चला, एकदाची सैल झाली.

मग माझ्या लक्षात आलं. तिची छाती हलत नव्हती. डोळे गच्च मिटलेले, गळ्याची शीर ताठलेली. श्वास धरून बसली होती.

"आई, श्वास घे."

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"आई, खुळी झालीस का काय? श्वास घे म्हणते ना!"

पुन्हा नाही. ओठ निळसर व्हायला लागले. मी घाबरून उठले आणि पळत अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. मला तो तिथवर ऐकू आला. ओट्याला हात टेकून ती बराच वेळ धापत राहिली, आणि मी जवळ जायला निघाले तशी तिनं हातानं मला थोपवलं.

"तितंच बस बाळा," ती म्हणाली. "तितं वारं हाय."